पालकांनो, आठवीत गाण्याचा क्लास बंद करायच्या आधी हे वाचून घ्या

दरवर्षी जून उजाडला की फोन सुरू होतात. मुलगी दहावीत गेलेली असते, सहावी-सातवीत आमच्याकडेच यायची, मग मधे क्लास सुटला आणि आता शाळेतून कळलेलं असतं की शास्त्रीय गायन-वादनाच्या परीक्षा पास असतील तर दहावीला कलेचे वाढीव मार्क मिळतात. मग विचारणा होते, "सर, दिवाळीपर्यंत तीन परीक्षा करून द्या ना, फी काय असेल ती सांगा." फीचा प्रश्नच नाहीये हो. त्या मार्कांसाठी किमान तीन परीक्षा पास लागतात, सर्टिफिकेटं जोडून प्रस्ताव शाळेमार्फत बोर्डाकडे वेळेत जावा लागतो, आणि गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोनदाच असतात, एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर. आता तुम्हीच हिशोब करा.

दुसऱ्या क्लासमधे सहा-सहा महिन्यांनी मुलांना परीक्षेला बसवतात, आम्ही वर्षाला एकच करतो, यावरून आम्हाला ऐकूनही घ्यावं लागतं. पण प्रारंभिकचं, म्हणजे पहिल्या परीक्षेचं मूल भूप, दुर्गा, काफीतल्या बंदिशी पाठ करून म्हणून दाखवतं आणि अडकतं ते तालात. हातावर तीनतालच्या 16 मात्रा, नवव्या मात्रेला 'खाली' म्हणजे टाळी न देता हात उघडा, आणि मग लगेच दुगुन, म्हणजे तेच दुप्पट वेगात. हे जे आहे ते हातात बसायला महिने लागतात, पाठांतराने येत नाही. प्रारंभिकला लेखी नसतं, प्रवेशिका पूर्ण या तिसऱ्या परीक्षेपासून लेखी पेपर येतो, तिथे थाट (रागांचे गट), रागाची माहिती, पलुस्कर आणि भातखंडे दोन्ही पद्धतींची स्वरलिपी (गाणं कागदावर लिहायची पद्धत) असं सगळं येतं. घाईने वर चढवलेली मुलं नेमकी तिथे आपटतात आणि मग घरी म्हणतात मला गाणंच नको. म्हणून पाचवी-सहावीत सुरू केलं की नववीपर्यंत तीन परीक्षा आरामात होतात, दहावीचं वर्ष मोकळं राहतं.

शाळेत संगीताचा तास आहे की, मग क्लास कशाला, हेही विचारतात. शाळेतल्या बाईंना आठवड्याला एखादी तासिका, वर्गात साठ मुलं, त्यात प्रार्थना, स्वागतगीत आणि गॅदरिंगची तयारी. त्या करतात तेच खूप आहे, पण एकेकाचा सा लागतोय का हे बघायला त्यांना वेळ कुठून मिळणार.

आता मुलग्यांबद्दल, कारण सगळ्यात जास्त क्लास इथेच तुटतात. साधारण सातवी ते नववीच्या दरम्यान आवाज फुटतो. काल काळी चारमधे (ही पेटीवरची वरची पट्टी) खणखणीत गाणारा मुलगा आज मधेच चिरकतो, वर्गात हसतात, तो गप्प होतो, आणि घरचे म्हणतात "आवाज गेला, जाऊ दे, तसंही ट्यूशन वाढलंय." आवाज गेलेला नसतो, खाली उतरत असतो, जवळजवळ एक सप्तकभर. कोणाचा काही महिन्यात स्थिरावतो, कोणाला वर्षही लागतं. या दिवसात आम्ही पट्टी खाली घेतो, ताना बंद, खर्ज (खालच्या सुरांचा रियाज) आणि सावकाश आलाप, आणि बाकी वेळ ताल, हार्मोनियम, स्वरलिपी. पुढे बहुतेक मुलगे काळी एकच्या आसपास येऊन बसतात. पण घरी मोबाईलवरचा तानपुरा जुन्याच काळी चारला लावून ठेवलेला असतो आणि आई म्हणते "आधी किती छान म्हणायचास, लाव ना तसाच". प्लीज हे करू नका. ओरडून गळा बसतो आणि त्यानंतरचे आमचे दोन-तीन महिने नुसते त्याची भीती घालवण्यात जातात. वहीच्या पहिल्या पानावर आम्ही चालू पट्टी लिहून देतो, तीच लावायची. (तानपुऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या मिरजेत राहून तानपुऱ्याचं ॲप वापरतो याची आम्हालाही लाज वाटते, पण प्रत्येक घरात तानपुरा कुठून येणार.)

घरी रोज वीस मिनिटं बास. रविवारी दोन तास एकदम केलेले उपयोगाचे नाहीत. आणि मूल गात असताना हार्मोनियमवर सतत बोट ठेवून त्याला सूर देऊ नका, तानपुऱ्यावरच सोडा, चुकू दे, सापडतो त्याला.

एक अजून, तीन महिन्यात टीव्हीवरच्या स्पर्धेला पाठवायचं असेल तर आमचा क्लास तुमच्यासाठी नाही, राग मानू नका. याच मिरजेत विष्णु दिगंबर पलुस्कर बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे वर्षानुवर्षं शिकले, मग 1901 ला लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. सिनेमाची गाणी, भावगीतं आम्हीही घेतो, महिन्यातला शेवटचा शनिवार त्याचाच असतो आणि मुलं त्याचीच वाट बघतात हे कबूल.

ट्यूशनमुळे जमत नसेल तर क्लास बंद करू नका, कमी करा. त्यासाठीच नववी-दहावीची वेगळी बॅच केलीय, आठवड्यातून एकदाच, रविवारी सकाळी, फी निम्मी. आवाज फुटलेल्या मुलग्यांची बॅच वेगळी आहे, तिथे कोणी हसत नाही कारण सगळेच चिरकतात. घरी पेटी नसेल तर महिन्याच्या भाड्याने मिळते. मधे सोडलेल्यांनी पहिल्या दिवशी जुनी वही आणि आधीच्या परीक्षेचं सर्टिफिकेट घेऊन या, एक तास बसवून बघू आणि कुठून सुरू करायचं ते तिथेच सांगू, त्या तासाचे पैसे घेत नाही.