सीम वेल्डिंग (मोटारीचे बॉडी शेल)

मोटारीच्या पोलादी बॉडी शेलमधील (इंजिन, चाके, दरवाजे वगळता उरणाऱ्या पत्र्याच्या सांगाड्यातील) पत्र्यांचे सांधे, कारखान्यात केलेल्या स्पॉट वेल्डिंगखेरीज, कडेकडेने पुन्हा वेल्ड करून शेल अधिक ताठ आणि टिकाऊ करण्याची पद्धत. ती मुख्यतः रॅली आणि सर्किट शर्यतींच्या गाड्या बांधताना वापरतात. या कामात अखंड वेल्ड सहसा मारत नाहीत. साधारण २५ मिमी लांबीचा टाका, मग तेवढीच किंवा थोडी जास्त जागा मोकळी, मग पुढचा टाका असा क्रम असतो.

स्वतंत्र चासी नसलेल्या, म्हणजे मोनोकॉक गाडीत सगळा भार पत्र्यांच्या पेट्यांवर येतो. लान्सिया लाम्ब्डा (१९२२) आणि सित्रोएन त्राक्सियाँ आव्हाँ (१९३४) या गाड्यांपासून ही रचना रुळत गेली. आजच्या शेलमध्ये काही हजार स्पॉट वेल्ड असतात. दोन पत्रे तांब्याच्या इलेक्ट्रोडमध्ये दाबून क्षणभर हजारो अँपिअरचा प्रवाह सोडला की पाच-सहा मिमी व्यासाचा एक ठिपका वितळून जुळतो. असा ठिपका पत्रे एकमेकांवर घसरवू पाहणाऱ्या बलाला चांगले तोंड देतो, पण पत्रे सोलून काढणाऱ्या बलापुढे कमजोर पडतो. शिवाय दोन ठिपक्यांच्या मधला पत्रा, दोन बटणांमधला सदरा फाकावा तसा, भार आला की उघडतो-मिटतो. खडबडीत रस्त्यावर हे लाखो वेळा घडते आणि शेवटी ठिपक्याभोवती चीर पडते.

तुटण्याआधीचा तोटा मात्र जास्त महत्त्वाचा असतो. पिळणारे शेल ही सस्पेन्शनच्या जोडीला आलेली आणखी एक स्प्रिंग असते, आणि तिला डॅम्पर (हेलकावे शमवणारा भाग) नसतो. मग स्प्रिंग किंवा अँटी-रोल बार (वळणावर गाडी कलू न देणारी दांडी) बदलला तरी त्याचा पूर्ण परिणाम चाकांपर्यंत पोचत नाही. म्हणून स्ट्रट टॉवर (सस्पेन्शनचे वरचे टोक जिथे बसते तो भाग), पुढचे चासी रेल (इंजिनाच्या दोन्ही बाजूंच्या पत्र्याच्या लांब पेट्या), बल्कहेड (इंजिन आणि प्रवासी यांच्यामधली भिंत), ए-पिलरचा (पुढच्या काचेलगतच्या खांबाचा) पाया, सिल (दरवाजाखालची पेटी), मागच्या चाकांच्या कमानी आणि सस्पेन्शनचे माउंटिंग एवढे सांधे आधी घेतले जातात. छताची कड किंवा डिकीचा तळ टाके मारून भरण्याने वजन वाढते, फायदा जवळपास शून्य.

कामाचा मोठा भाग वेल्डिंगचा नसून साफसफाईचा आहे. सांध्यातले सीलर (फट बुजवणारा लेप), अंडरकोट (गाडीच्या तळाचा गंजरोधक थर) आणि रंग पूर्ण निघाले नाहीत तर वेल्ड सच्छिद्र होतो. जस्ताचा थर असलेल्या पत्र्यातून निघणारा धूर श्वासात गेल्यास काही तासांनी थंडी वाजून ताप येतो. दूध-गुळाने तो टळतो ही समजूत वर्कशॉपमध्ये पक्की असली, तरी खरा उपाय जस्त घासून काढणे आणि हवा खेळती ठेवणे हाच. बॉडीचा पत्रा बहुधा एक मिमीच्या आसपास असल्याने ०.६ किंवा ०.८ मिमी तारेचे मिग वेल्डिंग (वितळणारी तार आपोआप पुढे सरकणारे वायू-वेल्डिंग) वापरतात. टिग (न वितळणाऱ्या टंगस्टनच्या टोकाने केलेले वेल्डिंग) जास्त सुबक, पण सांध्यात उरलेली घाण त्याला अजिबात चालत नाही. उष्णतेने पत्रा खेचला जातो. त्यामुळे शेल जिगवर (आकार न बिघडू देणाऱ्या धारक चौकटीवर) घट्ट बसवून एक टाका डावीकडे, एक उजवीकडे असे फिरत राहावे लागते. घाई केली तर दरवाजे बसत नाहीत. शेवटी सांधे पुन्हा सील केले नाहीत तर गंज आतून सुरू होतो.

या पद्धतीचे ठळक उदाहरण म्हणजे फोर्ड एस्कॉर्ट. १९७० च्या लंडन–मेक्सिको वर्ल्ड कप रॅलीत हान्नू मिक्कोला आणि गुन्नार पाम यांनी मजबूत केलेल्या एस्कॉर्टमध्ये सुमारे २५,००० किमी पार करून विजय मिळवला. त्याच वर्षी एसेक्समधील एव्हली येथे फोर्डचा खास कारखाना सुरू झाला. तिथल्या आरएस १६०० आणि मेक्सिको या एस्कॉर्टच्या प्रकारांना जादा मजबुतीचे ‘टाइप ४९’ शेल असे. १९७२ ते १९७९ अशी सलग आठ वर्षे ब्रिटनची आरएसी रॅली एस्कॉर्टनेच जिंकली. इंजिन आणि चालक यांचा वाटा उघडच मोठा, पण जंगलातल्या त्या रस्त्यांवर शेल टिकले नसते तर दोन्ही वाया गेले असते.

ताठपणात सर्वांत मोठी भर मात्र रोल केज (गाडीच्या आतला नळ्यांचा संरक्षक पिंजरा) घालतो. सस्पेन्शनच्या माउंटिंगपर्यंत नेऊन वेल्ड केलेला केज असेल तर सीम वेल्डिंगचे काम उरते ते सांधे थकू न देण्याचे. वेगळी शिडीवजा चासी असलेल्या गाडीत, उदाहरणार्थ भारतीय रॅलींत वर्षानुवर्षे धावलेल्या मारुती जिप्सीत, मुख्य भार बॉडीवर नसल्याने या कामाला तेवढे मोल नाही.

नव्या गाड्यांबाबत हात आखडता घेणेच बरे. त्यांचे बरेच सांधे कारखान्यातच स्पॉटबरोबर लेसर वेल्ड आणि स्ट्रक्चरल ॲढेसिव्हने (भार पेलणाऱ्या मजबूत गोंदाने) जोडलेले असतात. मिगच्या उष्णतेने ते ॲढेसिव्ह जळते. ए-पिलर, बी-पिलरमधील (पुढच्या व मागच्या दरवाजांमधल्या खांबातील) अतिशय मजबूत बोरॉन पोलाद तापून थंड झाले की टाक्याशेजारचा पट्टा मऊ पडतो, म्हणजे मजबुतीऐवजी कमजोर जागा तयार होते. अपघातात ठरावीक क्रमाने चुरगळण्यासाठी बनवलेले पुढचे रेलही टाक्यांनी ताठ झाले, तर धक्क्याचा जास्त भाग आतल्या माणसांपर्यंत पोचतो. रस्त्यावरच्या रोजच्या गाडीत म्हणूनच हे काम करत नाहीत.