सूर्यघर योजना: अर्ज भरण्याआधी लाइटबिलावरचं नाव वाचा

पीएम सूर्यघर योजनेत छपरावर सौर पॅनल बसवायला केंद्राचं अनुदान मिळतं. पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००. त्याहून मोठा प्रकल्प घेतला तरी ७८,००० च्या वर नाही. घर स्वतःचं, छप्पर पॅनल पेलणारं, वीजजोडणी चालू आणि पॅनलसाठी आधी अनुदान घेतलेलं नाही, एवढं असलं की तुम्ही पात्र. राष्ट्रीय पोर्टलवर ग्राहक क्रमांक टाकून अर्ज भरायचा, त्यात अवघड काही नाही.

मग रत्नागिरी-सिंधुदुर्गात गाडं अडतं कुठे? घरातलं बिल काढून वरचं नाव वाचा. बऱ्याच घरांत ते आजोबांचं असतं. आजोबा जाऊन तीस वर्षं झाली. नातू नालासोपाऱ्यातून मोबाइलवर बिल भरतोय. पैसे वेळेवर येतात तोवर नाव कुणाचं हे कुणी विचारत नाही. अनुदानाची वेळ आली की मात्र अर्जदार, बिल आणि बँक खातं तिन्हीकडे एकच नाव लागतं. बिलावर 'आनंदीबाई', आधारवर 'आनंदी' आणि पासबुकात माहेरचं आडनाव, असं असलं तरी अडकलात.

म्हणून आधी महावितरणकडे नावबदल करून घ्या. थकबाकी शून्य हवी. मृत्यूचा दाखला, वारसांचा पुरावा, घरपट्टीचा असेसमेंट उतारा आणि बाकीच्या वारसांची नाहरकत जोडायची. यातला मृत्यूचा दाखला सगळ्यात जास्त रडवतो. तो मिळतो मृत्यू जिथे झाला तिथून. आजोबा मुंबईच्या इस्पितळात वारले असतील तर ग्रामपंचायतीत खेटे घालून काही उपयोग नाही. आणि मुळात नोंदच झाली नसेल, तर वर्ष उलटल्यानंतर ती करायला दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. त्याला वेळ धरा.

उताऱ्यावर 'सामायिक' आणि खाली चार भावांची नावं, हे तर घरोघरचं. एक काका बडोद्याला, एक बोलतच नाहीत. साहेब म्हणणार, "सगळ्यांच्या सह्या आणा." नाहरकतीचे कागद तयार ठेवा आणि गणपतीत सह्या घ्या. शक्यतो आरतीनंतर, जमिनीचा विषय निघायच्या आत.

मुदतीबद्दलही घोळ होतो. योजना २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत आहे, म्हणून शेवटच्या मार्चमध्ये अर्ज टाकू असं म्हणू नका. नुसत्या अर्जावर पैसे मिळत नाहीत. पॅनल बसून, महावितरणची तपासणी होऊन, येणारी-जाणारी वीज मोजणारा नेट मीटर लागून प्रकल्प सुरू झाला की मगच अनुदान खात्यात येतं. आणि जून ते सप्टेंबर आपल्याकडे छपरावर चढणार कोण?

विक्रेता पोर्टलवर नोंदलेलाच घ्या. पॅनल आणि त्यातले सेल दोन्ही भारतात बनलेले असावे लागतात, याला बाजारात 'डीसीआर' म्हणतात. स्वस्तातले दुसरे पॅनल बसवले तर अनुदान गेलं. पॅनलच्या मागच्या पट्टीवरचा अनुक्रमांक वर चढवायच्या आधीच मोबाइलवर टिपून ठेवा. अनुदान तुमच्या खात्यात येतं, विक्रेत्याच्या नाही. "सबसिडी आमच्याकडे लागली" म्हणणाऱ्याला दारातूनच निरोप द्या.

कौलारू छपराचे वासे आधी सुताराला दाखवा. समुद्राजवळ खारी हवा साधं लोखंड खाते, त्यामुळे सांगाडा गॅल्व्हनाइज्ड किंवा ॲल्युमिनियमचाच मागा. २०२० चं निसर्ग वादळ ज्यांनी श्रीवर्धन-दापोलीत पाहिलं, त्यांना नट-बोल्ट का मोजायचे हे सांगायला नको. माड-आंब्याची सावली दुपारी कुठवर येते तेही बघा.

घर दहा महिने बंद असेल तर तीन किलोवॅटच्या मोहात पडू नका. एक किलोवॅट दिवसाला साधारण चार युनिट देतो. वापर नसेल तर ती वीज ग्रीडमध्ये, म्हणजे महावितरणच्या तारांत जाते आणि वर्षअखेर उरलेल्या युनिटला मिळणारा दर घरगुती दरापेक्षा बराच कमी असतो.

पावसात लाइट गेली की साधा सौर इन्व्हर्टरही, म्हणजे पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणारं यंत्र, बंद पडतो. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून तो तसाच बनवलेला असतो. "पॅनल असून अंधार कसा?" हे भांडण मग विक्रेत्याशी होतं. लाइट गेल्यावरही पंखा फिरायला हवा असेल, तर बॅटरी आणि हायब्रिड इन्व्हर्टर कोटेशनमध्येच लिहून घ्या. बॅटरीचा खर्च मात्र तुमच्याच खिशातून, तिला वेगळं अनुदान नाही.