रोगनिदान संकेतांकनाचे अध्यापन

डॉक्टरांनी केस पेपरवर लिहिलेल्या निदानाला आंतरराष्ट्रीय रोग वर्गीकरणातील (आयसीडी) ठरावीक अक्षर-अंकी खूण देण्याचे शिक्षण. व्यवहारात ‘मेडिकल कोडिंग’ हेच नाव रूढ आहे.

वर्गीकरणाचा आरंभ कोठे धरावा, याविषयी एकमत नाही. काही अभ्यासक लंडनमधील मृत्यूंच्या नोंदपत्रकांवर आधारलेल्या जॉन ग्राँट यांच्या ग्रंथापासून (१६६२) सुरुवात करतात, तर काही फ्रेंच वैद्य सोव्हाज (१७०६–६७) यांच्या रोगवर्गीकरणापासून. भारतीय लेखक माधवनिदान या आयुर्वेदीय ग्रंथाचाही (सामान्यतः इ. स. सातवे-आठवे शतक) दाखला देतात, मात्र त्यातील रोगांची मांडणी चिकित्सेसाठी आहे, गणनेसाठी नाही. आजच्या संकेतांकनाचे मूळ इंग्रज सांख्यिकीतज्ज्ञ विल्यम फार व जिनीव्हाचे मार्क देस्पिन यांच्या मतभेदात शोधणे अधिक सयुक्तिक दिसते. ब्रूसेल्सच्या सांख्यिकी परिषदेने १८५३ मध्ये मृत्युकारणांची यादी करण्याचे काम दोघांकडे दिले आणि १८५५ मध्ये दोन वेगळ्या याद्या पुढे आल्या. देस्पिन यांनी रोगाची प्रकृती पाहिली. फार यांनी साथीचे, सार्वदेहिक, अवयवनिष्ठ, विकासजन्य व आघातजन्य असे पाच गट केले. परिषदेने १३९ शीर्षकांची तडजोडीची यादी स्वीकारली. फ्रेंच सांख्यिकीतज्ज्ञ झाक बेर्तियाँ यांची मृत्युकारणांची यादी १८९३ ची; आयसीडीच्या आवृत्त्या तिच्यापासूनच मोजतात. आजारपणाच्या नोंदींसाठी वर्गीकरण खुले झाले ते मात्र १९४८ च्या सहाव्या आवृत्तीत.

साथीचे रोग अवयवनिष्ठ रोगांपासून वेगळे ठेवणारा फार यांचा सांगाडा दहाव्या आवृत्तीतही (१९९० मध्ये मान्य) टिकून आहे, आणि वर्गातली पहिली अडचण तिथूनच येते. फुप्फुसाचा क्षय विद्यार्थी श्वसनसंस्थेच्या प्रकरणात शोधतो. तो असतो संसर्गजन्य रोगांच्या पहिल्या प्रकरणात (ए १५, ए १६). न्यूमोनिया मात्र बहुतांशी श्वसनसंस्थेतच (जे १२ ते जे १८).

दुसरी अडचण रोगनामांच्या वर्णानुक्रमे सूचीची. मनगटाजवळ हात मोडलेल्या रुग्णाचे डिस्चार्ज कार्ड दिले, की नवखा ‘रेडियस’ शोधू लागतो. शोधशब्द हाडाचा नव्हे, विकाराचा असतो : आधी ‘फ्रॅक्चर’, मग रेडियस, मग खालचे टोक, मिळालेला संकेतांक एस ५२.५ मुख्य खंडातील संकेतांकांच्या यादीत ताडून पाहायचा. विंचूदंशाला दोन संकेतांक लागतात : विषबाधेचा टी ६३.२ आणि बाह्य कारणाचा एक्स २२. कोकणातल्या विद्यार्थ्याला हे उदाहरण पुन्हा सांगावे लागत नाही.

‘न्यूमोनियाची शंका’ अशा नोंदीचे काय करावे, हा अध्यापनातला खरा तिढा. जागतिक आरोग्य संघटनेच्या नियमानुसार उपचाराअखेर अधिक माहिती नसेल, तर शंका सिद्ध निदानासारखीच नोंदवतात. अमेरिकी सुधारित आवृत्तीत (तेथे १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू) बाह्यरुग्णासाठी तसे चालत नाही. तेथे खोकला, ताप अशी लक्षणेच नोंदवायची. भारतातील खासगी वर्ग बहुधा अमेरिकी विमा-देयकांच्या कामासाठी शिकवतात, त्यामुळे या वर्गांतून आलेला विद्यार्थी सरकारी रुग्णालयाच्या अभिलेख विभागात पहिले काही दिवस चाचपडतो.

देशात अभिलेख तंत्रज्ञांचे प्रशिक्षण केंद्रीय आरोग्य माहिती केंद्रामार्फतही चालते. अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. आयुर्वेद, सिद्ध व युनानी निदानांचा तिचा विभाग जानेवारी २०२४ मध्ये नवी दिल्लीत प्रकाशित झाला. मधुमेहाचा (प्रकार २) दहाव्या आवृत्तीतील संकेतांक ई ११ हा अकरावीत ५ए११ झाला आहे.