केळं काळं पडलं की केकचं अर्धं काम झालं

आमच्याकडे डझनभर केळी आणली की शेवटची तीन हमखास उरतात, सालं काळी पडतात, चिलटं घोंगावायला लागतात आणि मग घरातलं कोणीतरी म्हणतं टाकून द्या आता. प्लीज टाकू नका! बुरशी आली असेल किंवा आंबूस दारूसारखा वास येत असेल तर गोष्ट वेगळी, पण वास गोड असेल तर केकसाठी याच्याइतकं चांगलं केळं नाही.

घड कापल्यावरही केळं पिकत राहतं कारण ते स्वतःच इथिलीन नावाचा गॅस सोडतं. जळगावकडच्या रायपनिंग चेंबरमध्ये हाच गॅस बाहेरून देतात, आणि आजी तांदळाच्या डब्यात केळी खुपसून ठेवायची तेव्हाही हाच गॅस आत कोंडून राहायचा. त्याचा इशारा मिळाला की आतली एन्झाइम्स कामाला लागतात. हिरव्या केळ्याच्या गरात साधारण २० टक्के स्टार्च असतो, तो पूर्ण पिकेपर्यंत जेमतेम १-२ टक्क्यांवर येतो, बाकीच्याची बहुतेक साखर झालेली असते.

हे घरी बघता येतं. कच्च्या केळ्याची एक चकती आणि काळ्या केळ्याची एक चकती घ्या, दोन्हीवर बेटाडीनचा एकेक थेंब टाका. कच्ची चकती बघता बघता निळी-काळी होते, स्टार्च बेटाडीनमधल्या आयोडीनला धरतो म्हणून, आणि पिकलेल्या चकतीवर थेंब नुसता तपकिरी पसरतो. माझ्या लेकीला हे इतकं आवडलं की तिने मग बटाटा, भात, पोळी सगळ्यावर थेंब टाकून बघितले. (त्या चकत्या मात्र खायच्या नाहीत, फेकायच्या.)

आता फ्रिजची गोष्ट, कारण इथे बरेच जण फसतात. साधारण १३ डिग्रीच्या खाली केळ्याला थंडी बाधते, सालीतल्या पेशी फुटतात आणि साल काळी पडते, पण आत पिकणं उलट मंदावलेलं असतं. म्हणजे फ्रिजमध्ये काळं झालेलं केळं आतून अर्धकच्चं असू शकतं. आधी बाहेर नीट पिकू द्या, मग सोलून फ्रीझरमध्ये टाकलं तरी चालेल.

तीन केळी काट्याने कुस्करा, अर्धी वाटी साखर (नेहमीच्या केकपेक्षा कमी, केळ्यात आहेच), पाव वाटी तेल, अर्धी वाटी दही, दीड वाटी मैदा किंवा कणीक, पाऊण चमचा खायचा सोडा, चिमूटभर मीठ. सोड्याला फुलायला आम्ल लागतं, ते दह्यात भरपूर आणि केळ्यातही थोडं असतं, दोघं भेटले की कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे येतात, आणि ते लगेच सुटायला लागतात म्हणून मिश्रण करून ठेवून फोनवर गप्पा मारत बसायचं नाही, लगेच भांडं गरम ओव्हनमध्ये. सोडा जास्त टाकलात तर उरलेला सोडा तापून साबणासारखी चव देतो, तेव्हा चमचा सपाट भरा.

पीठ टाकल्यावर फेटत बसू नका हे मी अगदी कळकळीने सांगते. पिठाला पाणी मिळालं आणि आपण ढवळत राहिलो की ग्लुटेनची (पिठातल्या प्रोटीनची) चिवट जाळी तयार होते, पोळीला ती हवीच असते पण केकला नको, केक रबरासारखा होतो. कोरडं पीठ दिसेनासं झालं की थांबा, गुठळ्या राहिल्या तरी राहू देत.

१८० डिग्रीला ४५-५० मिनिटं. वरचा रंग लवकर गडद होतो, कारण केळ्यातलं ग्लुकोज-फ्रुक्टोज प्रोटीनशी चटकन जुळून तपकिरी होतं, त्याला जळका समजून बाहेर काढू नका, मधोमध सुरी घालून बघा. आणि तासभर तरी कापू नका, केळ्यात तीन चतुर्थांश पाणीच असतं, गार होताना मैद्यातला स्टार्च बसतो तेव्हा कुठे स्लाइस नीट पडते.