लाइन भरली आहे की पावतीची वाट बघतेय?

सामायिक स्टोरेजवर एकच मोठी फाइल लिहायला घेतली आणि वेग सेकंदाला ३५-४० एमबीच्या वर जाईना, की पुढचं वाक्य ठरलेलं: "नेटवर्क स्लो आहे, १० गिगाबिटचा स्विच मागवू." कधीकधी ते बरोबरही निघतं. पण हाच आकडा दोन अगदी वेगळ्या दुखण्यांत दिसतो. एकात बँडविड्थ, म्हणजे लाइनची डेटा नेण्याची क्षमता, संपलेली असते. दुसऱ्यात लाइन बरीचशी रिकामी असते आणि लिहिणारा प्रोग्राम "मिळालं" अशी पावती येईपर्यंत थांबलेला असतो, ही लेटन्सी.

स्लॅबच्या दिवशी जिना अरुंद असला तर माणसं वाढवून फायदा नाही. पण जिना ऐसपैस आहे आणि एकच गडी एक घमेलं वर देऊन, रिकामं परत आल्यावरच दुसरं भरतोय, तर जिना रुंद करून काय मिळणार?

हिशोब सोपा आहे. १ गिगाबिटच्या लाइनवर प्रत्यक्षात सेकंदाला ११०-११५ एमबी जातात. प्रोग्राम ४ केबीचे तुकडे लिहितोय, प्रत्येकाची पावती यायला १ मिलिसेकंद लागतो आणि तोवर पुढचा तुकडा निघत नाही, असं समजा. सेकंदाला हजार तुकडे, म्हणजे जेमतेम ४ एमबी. स्विच १० गिगाबिटचा केला तरी आकडा जवळपास तिथेच. तुकडा १ एमबीचा केला तर मात्र त्याच जुन्या लाइनवर १०० एमबीच्या आसपास पोचता येतं.

इथे बरेच जण पिंग करून (सर्व्हरला छोटा संदेश पाठवून उत्तराला लागणारा वेळ मोजून) बघतात, ०.२ मिलिसेकंद दिसतो आणि लेटन्सीवरचा संशय सोडून देतात. ही चूक महागात पडते. पिंग डिस्कपर्यंत जातच नाही. एनएफएस (नेटवर्कवरून फाइली वापरायला देण्याची पद्धत) सर्व्हर सिंक मोडमध्ये असेल आणि प्रोग्राम प्रत्येक तुकड्यानंतर एफसिंक ("डिस्कवर लिहून झालं का" याची खात्री) मागत असेल, तर पावती डेटा डिस्कवर टेकल्यानंतरच निघते. ७२०० आरपीएमच्या साध्या हार्ड डिस्कची एक फेरीच ८.३ मिलिसेकंदांची असते.

मग ओळखायचं कसं? आधी डीडी या फाइल लिहून वेग दाखवणाऱ्या कमांडचा साधा आकडा विसरा. १ गिगाबिटच्या लाइनवर तो सेकंदाला १.५ जीबी दाखवत असेल, तर तुम्ही स्वतःच्या मशीनची रॅम मोजताय. शेवटी एकदाच सिंक करून एक चाचणी घ्या आणि प्रत्येक ब्लॉकनंतर सिंक करून दुसरी. दोन आकड्यांत प्रचंड फरक पडला, तर दुखणं पावतीचं आहे. मला यापेक्षा फायो या वेग मोजणाऱ्या प्रोग्रामची चाचणी आवडते: तीच एक फाइल, डायरेक्ट मोड (मधली रॅम टाळून), लिबएआयओ इंजिन (पावतीआधीच पुढचे तुकडे पाठवू शकणारं), क्यू डेप्थ (एका वेळी पावतीविना किती तुकडे बाहेर असू द्यायचे) आधी १ आणि मग १६. वेग चांगलाच वाढला तर लाइन रिकामी होती. वाढला नाही, तर काहीतरी खरोखरच भरलंय: लाइन किंवा डिस्क. ते नेटवर्क कार्डाच्या आकडेवारीत आणि आयओस्टॅट या डिस्कचं काम दाखवणाऱ्या कमांडमध्ये दिसेल.

चार वेगवेगळ्या फाइली एकदम लिहूनही हे तपासतात, पण ग्लस्टरवर (अनेक सर्व्हरच्या डिस्का जोडून एकच स्टोरेज बनवणारी प्रणाली) तो निकाल फसवा. साध्या डिस्ट्रिब्यूट व्हॉल्यूममध्ये (फाइली सर्व्हरांत नुसत्या वाटून ठेवणारं स्टोरेज) एक फाइल अख्खी एकाच ब्रिकवर, म्हणजे एका सर्व्हरवरच्या साठवणीच्या जागेवर, जाते. चार फाइली चार ब्रिकवर गेल्या, तर वाढलेला वेग डिस्कांचा असतो. एका फाइलीसाठी नवे सर्व्हर जोडूनही काही होत नाही, ते याच कारणाने. लस्टर या तशाच प्रणालीत स्ट्राइप काउंट (एक फाइल किती जागी वाटायची तो आकडा) १ असला की तीच गत.

आणि आता तो सुरुवातीचा ३५-४० चा आकडा. ग्लस्टरच्या तीन प्रतींच्या व्हॉल्यूममध्ये फ्यूज क्लायंट (लिहिणाऱ्या मशीनवरचा ग्लस्टरचा प्रोग्राम) स्वतःच तिन्ही सर्व्हरना डेटा पाठवतो. ११० भागिले ३, म्हणजे सुमारे ३७. फक्त नेटवर्कचा वेग मोजणाऱ्या आयपर्फ चाचणीत लाइन ठणठणीत, डिस्का निवांत, आणि क्लायंटचं नेटवर्क कार्ड मात्र काठोकाठ भरलेलं. इथे स्विचवाल्याचं म्हणणं खरं ठरतं, फक्त स्विचसोबत क्लायंटचं कार्डही बदलावं लागतं.

पावतीच्या दुखण्यावर एनएफएस एक्सपोर्ट (सर्व्हरने वापरायला दिलेलं फोल्डर) असिंक करण्याचा उपाय सर्रास सुचवला जातो. वेग वाढतो, कारण सर्व्हर लिहिण्याआधीच "लिहिलं" म्हणून सांगतो. मधेच वीज गेली, तर ती पावती खोटी ठरते. त्यापेक्षा प्रोग्रामचे तुकडे मोठे करा, किंवा वीज गेली तरी डेटा सांभाळणारी एसएसडी सर्व्हरला लावा.