केनेडी आडनावाची दोन कुळं

डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयात धातूचे पत्रे मढवलेली एक लहानशी लाकडी पेटी आहे. तिच्यात पूर्वी एक लॅटिन पोथी असायची. 'स्टो मिसल' नावाची ही पोथी आता त्याच शहरात रॉयल आयरिश अकादमीत ठेवलेली आहे. पेटी ११व्या शतकातली. तिच्या एका बाजूवर कोरलंय, ब्रायनचा मुलगा डोनखा याच्यासाठी प्रार्थना करा. दुसरी बाजू पुढे १४व्या शतकात नव्याने मढवली, तिथे प्रार्थना मागितली आहे ती ऑर्मंडचा राजा पिलिब आणि त्याची बायको ऑन्या यांच्यासाठी. हा पिलिब १३८१ साली वारला. इंग्रजी इतिहासात तो फिलिप ओ'केनेडी या नावाने येतो. पोथी आणि पेटी १८व्या शतकात टिपररी परगण्यातल्या लॅकीन किल्ल्याच्या भिंतीत सापडली असं सांगतात, आणि तो किल्लाही याच घराण्याचा.

ग्रँट रोडच्या केनेडी पुलावरून रोज जाणाऱ्या मुंबईकराला हे आडनाव परकं नाही, आणि जॉन केनेडींमुळे तर ते जगभर पोचलं. पण त्याच्या मुळाशी गेलं की दोन समजुती पहिल्यांदा सोडाव्या लागतात. स्पेलिंग एक म्हणजे घराणं एक, ही पहिली. स्पेलिंग वेगळं म्हणजे माणसं वेगळी, ही दुसरी. केनेडी आडनावाच्या बाबतीत दोन्ही खोट्या ठरतात, म्हणून ही पार्श्वभूमी जरा सविस्तर.

सुरुवात आयर्लंडच्या नैर्ऋत्येकडून. शॅनन नदीच्या काठी, आजच्या क्लेअर परगण्यात, दाल गाश नावाचं एक कुळ होतं. त्यांचा राजा केनेतिग ९५१ साली वारला. त्याचा मुलगा ब्रायन बोरू पुढे साऱ्या आयर्लंडचा राजा झाला आणि १०१४ साली क्लॉनटार्फच्या लढाईत मारला गेला. पेटीवरचा डोनखा याच ब्रायनचा मुलगा. ब्रायनच्या एका भावाच्या मुलाला आजोबांचंच नाव ठेवलं होतं, आणि त्या दुसऱ्या केनेतिगचे वंशज ते 'ओ किनेदे', म्हणजे इंग्रजीतले ओ'केनेडी. म्हणजे एका पेटीच्या दोन बाजूंवर एकाच मूळपुरुषाची दोन पाती साडेतीनशे वर्षांच्या अंतराने समोरासमोर आली आहेत. मला ही गोष्ट फार विलक्षण वाटते.

या नावाचा अर्थ काय? पहिला भाग 'केन' म्हणजे डोकं, यावर वाद नाही. दुसऱ्या भागाचा जुन्या आयरिशमधला सरळ अर्थ 'कुरूप, बेढब' असा होतो. पुढच्या काळात कुणीतरी तो चिलखताच्या शब्दाशी जोडला आणि 'शिरस्त्राण घातलेला' असा रुबाबदार अर्थ काढला. आडनावांची माहिती देणाऱ्या सुबक पाट्यांवर बहुतेक वेळा हा दुसराच अर्थ छापलेला असतो. जुनं लेखन पाहिलं तर पहिला अर्थच खरा वाटतो, आणि त्यात कमीपणा वाटण्यासारखं काही नाही. गेलिक, म्हणजे आयर्लंड आणि स्कॉटलंडमधल्या जुन्या भाषेतून आलेली कितीतरी नावं अशीच अंगावरच्या खुणांवरून पडली आहेत. कॅमेरॉन म्हणजे वाकडं नाक, कॅम्पबेल म्हणजे वाकडं तोंड. डोके, टकले, काणे, बोबडे, डोईफोडे ही आडनावं रोज ऐकणाऱ्या मराठी माणसाला तर हे समजावून सांगायची गरजच नाही.

इथे आणखी एक गोंधळ होतो. केनेडी आणि केनेथ ही एकाच नावाची रूपं असावीत असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. केनेथ आलं ते 'किनेद' किंवा 'कोनेख' अशा वेगळ्या नावांवरून. इंग्रजीत दोन्हींची सुरुवात सारखी दिसते, एवढाच काय तो संबंध.

आयर्लंडमध्ये वंशपरंपरेने चालणारी आडनावं १०व्या-११व्या शतकातच रुळली, युरोपात फार लवकर. आपल्याकडे गावाला 'कर' जोडून आडनाव होतं, तिथे पूर्वजाच्या नावामागे 'ओ' किंवा 'मॅक' लागतो. 'ओ' म्हणजे नातू, वंशज. 'मॅक' म्हणजे मुलगा. पण बाईच्या नावाला यातलं काही लागत नाही. ओ किनेदे यांची मुलगी 'नी हिनेदे' होते आणि बायको 'बान ई हिनेदे'. कारण 'नी' किंवा 'ई' पुढे आला की 'क' मऊ होऊन घशातल्या 'ह'कडे झुकतो, आणि लिहिताना 'क'साठी वापरलेल्या सी या अक्षराशेजारी एच येऊन बसतो. एकाच घरातल्या बाप, आई आणि मुलीची आडनावं अशी तीन तऱ्हांनी लिहिली जातात, आणि तिन्ही बिनचूक असतात. हर्लिंग हा काठी-चेंडूचा आयरिश खेळ, त्याच्या मुलींच्या प्रकाराला, म्हणजे कॅमोगीला, आकार देणाऱ्या आणि तिच्या संघटनेच्या पहिल्या अध्यक्ष झालेल्या बाईंचा जन्म डब्लिनमध्ये मेरी केनेडी म्हणून झाला होता. आयरिश भाषेच्या चळवळीत त्या शिरल्या तेव्हा मॉर्‍या नी हिनेदे झाल्या. नाव बदललं असं म्हणता येणार नाही. इंग्रजीने जे सपाट केलं होतं ते त्यांनी पुन्हा उभं केलं.

ओ किनेदे घराणं क्लेअरमध्ये फार टिकलं नाही. भाऊबंदांच्या रेट्यामुळे ते शॅनन ओलांडून पूर्वेला उत्तर टिपररीत, म्हणजे ऑर्मंडमध्ये सरकलं आणि १६व्या शतकापर्यंत तिथे राज्य करून राहिलं. पुढे त्याच्या तीन शाखा झाल्या, 'डॉन', 'फ्यून' आणि 'रुआ'. म्हणजे तपकिरी, गोरी आणि तांबडी. केसांच्या रंगावरून पडलेली ही नावं.

आता समुद्रापलीकडे, स्कॉटलंडला. तिथल्या केनेडींचं घर नैर्ऋत्य किनाऱ्यावरच्या एअरशरमधलं कॅरिक. हा मुलूख त्या काळी गेलिक बोलणारा होता आणि गेलिकमध्ये हेच जुनं नाव तिथेही ठेवलं जात होतं. १२व्या-१३व्या शतकांतल्या दानपत्रांवर तिथले साक्षीदार 'मॅक केनेडी' म्हणून येतात, म्हणजे अमक्या केनेडीचा मुलगा. 'ओ' तिथे दिसत नाही. कॅरिकचा हा केनेडी आणि ब्रायन बोरूचा पुतण्या हे एकच, असं दाखवणारा पुरावा नाही. नाव एक, माणसं दोन, आणि त्यांच्यापासून निघालेली कुळंही दोन. गोविंद नावाच्या दोन माणसांचे वंशज दोन तालुक्यांत गोविंदे म्हणून राहावेत, तसं हे आहे.

कॅरिकच्या केनेडींचं प्रस्थ मोठं होतं. १३७२ साली राजा दुसरा रॉबर्ट याने डनूरच्या जॉन केनेडीला 'केनकिनॉल' हा मान कायम करून दिला. हा शब्द गेलिक 'क्यान किनेल'चा लॅटिन कागदात शिरलेला अवतार, अर्थ कुळाचा प्रमुख. शब्दशः कुळाचं डोकं. आडनावातलंच 'डोकं' पदातही आलं. जॉनच्या वंशातल्या एकाने पुढे राजकन्येशी लग्न केलं आणि त्यांचा मुलगा जेम्स केनेडी सेंट अँड्र्यूजचा बिशप झाला. तिथलं सेंट साल्व्हेटर्स कॉलेज त्याने १४५० साली काढलं. १५०९ साली घराण्याला कॅसिलिसचं अर्लपद मिळालं.

याच घराण्यात वॉल्टर केनेडी नावाचा कवी होऊन गेला. १५००च्या आसपास त्याचा विल्यम डनबार या कवीशी जाहीर शिव्यांचा सामना झाला. आपल्या कलगी-तुऱ्यासारखाच प्रकार, फक्त जास्त विखारी. डनबारने त्याला गेलिक बोलणारा गावंढळ म्हणून हिणवलं. वॉल्टर मागे हटला नाही, हीच सगळ्या खऱ्या स्कॉट माणसांची भाषा असायला हवी होती असं त्याने सुनावलं. त्यावरून दिसतं, की केनेडी मंडळी दरबारात स्कॉट्स या इंग्रजीच्या जवळच्या भाषेत कविता करत होती, पण त्यांच्या घरची भाषा कोणती हे लोकांना पक्कं ठाऊक होतं.

लेखन आणि उच्चार यांची फारकत पाहायची तर याच घराण्याच्या दोन ठिकाणांची नावं पाहावीत. कॅसिलिस हे लिहायला, म्हणताना 'कॅसल्स'. आणि त्यांच्या समुद्रकाठच्या प्रसिद्ध वाड्याच्या इंग्रजी नावात मध्ये चक्क झेड आहे, तरी म्हणतात 'कलेन'. जुन्या स्कॉट्स लिपीत 'योख' नावाचं एक अक्षर होतं, त्याचा उच्चार 'य'च्या जवळचा. छापखान्यांकडे त्याचा खिळा नव्हता. आकार झेडसारखा दिसायचा म्हणून त्यांनी झेडचा खिळा बसवला आणि तो तिथेच राहिला.

केनेडी या नावाचंही असंच झालं. कारकून किंवा पाद्री कानावर पडलं ते आपल्या भाषेच्या सवयीने लिहीत. मध्ये एन एक की दोन, शेवटी वाय, आय की आय-ई, सुरुवात के की सी, याला काही नियम नव्हता. एकाच माणसाचं नाव एकाच दस्तात दोन प्रकारे सापडतं. आयर्लंडमध्ये त्यात राज्यकर्त्यांच्या भाषेचा दाब आला. डब्लिनच्या भोवतालच्या परगण्यांतल्या आयरिश लोकांनी गाव, रंग किंवा धंद्यावरून इंग्रजी आडनावं घ्यावीत, असा कायदा १४६५ सालीच झाला होता. १७व्या-१८व्या शतकांत जुनी घराणी मोडली तशी 'ओ' लावणाऱ्यांची संख्या घटत गेली. १८९३ साली आयरिश भाषेला पुन्हा उभं करण्यासाठी गेलिक लीग ही संघटना निघाल्यावर पुष्कळांनी तो 'ओ' अभिमानाने परत लावला. पण केनेडींमध्ये तो फारसा परतला नाही, ओ'केनेडी आज क्वचितच भेटतात. आयरिशमधलं रूपही मधल्या काळात बदललं. जुन्या लेखनात शेवटी न उच्चारली जाणारी अक्षरं असत, ती १९४० आणि ५०च्या दशकांतल्या लेखनसुधारणेच्या काळात गळली. १९६२च्या नियमांनी आपले न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, त्याची इथे आठवण होते.

सगळ्यात अवघड प्रदेश म्हणजे अल्स्टर, आयर्लंडचा उत्तर भाग. स्कॉटलंड आणि आयर्लंड यांच्यामधला समुद्र सगळ्यात अरुंद जागी जेमतेम वीस किलोमीटरचा आहे. १६०९नंतर सरकारने अल्स्टरमध्ये वसाहती बसवल्या तेव्हा एअरशर आणि गॅलोवेमधून हजारो कुटुंबं पलीकडे गेली, त्यांत केनेडीही होते. दक्षिणेकडचे ओ किनेदे आधीच 'केनेडी' लिहायला लागले होते. त्यामुळे एकाच बेटावर दोन्ही कुळं एकाच स्पेलिंगखाली आली. १७९६ साली डोनेगलमधल्या कार्नडोनामध्ये जन्मलेला जॉन पिट केनेडी हा लष्करी इंजिनियर पुढे हिंदुस्थान-तिबेट रस्त्याच्या कामावर होता, आणि नंतर आजच्या पश्चिम रेल्वेची पूर्वज असलेल्या बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेच्या उभारणीत होता. अशा अल्स्टरच्या माणसाचं मूळ कॅरिकमध्ये की ऑर्मंडमध्ये, हे नुसत्या आडनावावरून कुणालाच सांगता येणार नाही. गाव, चर्च, जमिनीचा खंड कुणाला जात होता, हे बघावं लागतं. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांचे पणजोबा मात्र दक्षिणेकडच्या वेक्सफर्ड परगण्यातल्या डंगन्स्टाउनचे, दुष्काळाच्या दिवसांत बॉस्टनला गेलेले. पणतू जून १९६३मध्ये त्या घरी जाऊन आला.

अमेरिकेत पोचल्यावर नावाला आणखी फाटे फुटले. कॅनडी, कॅनेडे, कॅनाडे अशी सी या अक्षराने सुरू होणारी रूपं तिथे पिढ्यान् पिढ्या चालू आहेत. त्यांचा कॅनडा देशाशी काही संबंध असेलच असं नाही, ती केनेडीचीच ऐकून लिहिलेली रूपं. वंशावळ शोधणाऱ्याला इथेच ठेच लागते. १९१८ साली पेटंट मिळालेली साउंडेक्स नावाची एक पद्धत आहे, सारख्या उच्चाराची नावं एकत्र यावीत म्हणून नावाचं पहिलं अक्षर आणि पुढे तीन आकडे असा संकेत ती देते. अमेरिकेच्या जुन्या जनगणनांच्या सूच्या तिच्यावरच रचल्या आहेत. केनेडीचा संकेत के-५३०. एन एक असो वा दोन, शेवटी वाय असो वा आय-ई, संकेत तोच. इथपर्यंत पद्धत चोख चालते. पण कॅनडीचा संकेत सी-५३० येतो आणि ओ'केनेडीचा ओ-२५३. तीन सख्ख्या भावांनी तीन तऱ्हेने नाव लिहिलं तर सूचीत ते तीन टोकांना जाऊन बसतात. म्हणून शोधताना के, सी आणि ओ हे तिन्ही कप्पे उघडावेत. आयर्लंडमध्ये अडचण आणखी मोठी. १९२२ साली डब्लिनच्या फोर कोर्ट्समधलं सरकारी दफ्तर जळलं आणि १८२१ ते १८५१च्या जनगणनांचे बहुतेक कागद त्यात गेले. १९२२च्या आधीच्या जनगणनांपैकी संपूर्ण हाती येतात त्या १९०१ आणि १९११च्या. १९११च्या अर्जांत काही कुटुंबांनी आपलं नाव मुद्दाम आयरिशमध्ये भरलं आहे, त्यामुळे तिथे किनेदेही शोधावं लागतं.

मराठीचा या आडनावाशी थेट संबंध आहे तो एका कोशाचा. व्हॅन्स केनेडी हा मुंबईच्या लष्करातला अधिकारी १८०० साली इथे आला आणि १८४६ साली इथेच वारला. मोल्सवर्थचा कोश यायच्या सात वर्षं आधी, १८२४ साली त्याने मुंबईत मराठी-इंग्रजी आणि इंग्रजी-मराठी असा दुहेरी कोश छापला. विल्यम केरीने १८१०च्या आपल्या कोशाच्या नावात आपल्या भाषेला 'माहराट्टा' म्हटलं होतं, केनेडीने 'मराठा' लिहिलं. त्याच काळात इंग्रजी दफ्तरांत शिंदे यांचे 'सिंदिया' झाले होते आणि गायकवाडांचे 'गुइकोवार'.

हा केनेडी एअरशरमधल्या पिनमोरचा, म्हणजे कॅरिकच्याच बाजूचा. 'व्हॅन्स' हे त्याचं पहिलं नाव त्याच्या आईच्या माहेरचं आडनाव. त्या घराण्याचं मूळ नाव 'वाउस', नॉर्मन 'द व्हो'वरून आलेलं. हस्ताक्षरात यू आणि एन एकसारखे दिसतात, कुणीतरी यूच्या जागी एन वाचला आणि वाउसचं व्हॅन्स झालं, असं त्या घराण्याच्या इतिहासात सांगतात. मोडी वाचायला बसलेल्या कुणालाही हे लगेच पटेल.