दिव्यांग विद्यार्थ्यांच्या वर्गातील सोयी आणि परीक्षा सवलती: पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

दहावीचे फॉर्म भरायला आले की बऱ्याच शाळांत एकच धावपळ उडते. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आहे का, मुलाचा पेपर लिहून देणारा लेखनिक कोण, सवलतींचा प्रस्ताव गेला का? तोवर त्या दिव्यांग मुलाची नऊ वर्षं सोयींविना गेलेली असतात. महाराष्ट्रात या सोयी-सवलती पहिलीपासून बारावीपर्यंत आहेत. वर्गातल्या सोयी आणि बोर्डाच्या परीक्षेतल्या सवलती यांचे मार्ग मात्र वेगळे आहेत, म्हणून इथेही वेगळे सांगतो.

पात्र कोण?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. अंधत्व आणि कर्णबधिरत्वाबरोबर अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन किंवा गणित शिकताना येणारी कायमची अडचण), स्वमग्नता (ऑटिझम), थॅलेसेमिया, हिमोफिलियाही त्यात येतात.

घोळ होतो तो प्रमाणपत्रावर लिहिलेल्या दिव्यांगत्वाच्या टक्केवारीवरून. ४० टक्के किंवा त्याहून जास्त म्हणजे लक्षणीय दिव्यांगत्व. अशा मुलांना ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे आणि उच्च शिक्षणात किमान ५ टक्के जागा राखीव आहेत. पण वर्गात मुलाच्या गरजेप्रमाणे सोय करून देण्याचं बंधन कलम १६ मध्ये आहे आणि तिथे टक्केवारीची अट नाही. त्यामुळे ‘तुमचे ३५ टक्केच आहेत, काही मिळणार नाही’ असं कुणी सांगितलं तर गप्प बसू नका.

प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड

दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांग व्यक्तीचं देशभर चालणारं ओळखपत्र) यांसाठी केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन अर्ज करायचा. मुलाचा फोटो, सही किंवा अंगठा, आधार आणि पत्त्याचा पुरावा लागतो. त्यानंतर निवडलेल्या सरकारी रुग्णालयात तपासणी होते. तिथे जुने रिपोर्ट, ऑडिओग्राम (श्रवण तपासणीचा आलेख), चष्म्याचा कागद, असेल ते सगळं सोबत न्या. आधारवरचं नाव आणि शाळेच्या जनरल रजिस्टरमधलं नाव अक्षरशः जुळतं का, हे अर्जाआधीच पाहा. एका ठिकाणी वडिलांचं नाव पूर्ण आणि दुसरीकडे फक्त आद्याक्षर, एवढ्यावरूनही पुढे कागद परत येतो. कार्ड हातात आलं की मुदत बघा. तात्पुरतं असेल तर बोर्डाच्या परीक्षेआधीच संपणार नाही ना?

अध्ययन अक्षमतेची तपासणी साधारण आठ वर्षांनंतर होते. पण तोपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं कारण नाही. एनसीईआरटीच्या ‘प्रशस्त’ ॲपमध्ये वर्गशिक्षक प्राथमिक नोंद करू शकतात. ते प्रमाणपत्र नव्हे, पण मुलाला पुढे तपासणीला पाठवायला त्याचा उपयोग होतो.

वर्गातल्या सोयींसाठी अर्ज

हा अर्ज मुख्याध्यापकांच्या नावे करायचा. सोबत प्रमाणपत्राची झेरॉक्स जोडा. प्रमाणपत्र अजून निघालं नसेल तर डॉक्टरांचा रिपोर्ट जोडा.

सगळं अवलंबून असतं ते मजकुरावर. ‘माझ्या पाल्यास योग्य त्या सवलती मिळाव्यात’ असं लिहिलं की अर्ज फायलीत जातो आणि तिथेच राहतो. त्याऐवजी असं लिहा: ‘डाव्या कानाने ऐकू येत नाही, म्हणून उजवा कान शिक्षकांकडे राहील असं पुढचं बाक द्यावं. शिक्षकांनी फळ्याकडे तोंड करून बोलू नये. गृहपाठ तोंडी न सांगता फळ्यावर लिहावा.’ यातल्या एकाही गोष्टीला निधी लागत नाही, त्यामुळे नाही म्हणायला जागाच उरत नाही. व्हीलचेअर वापरणाऱ्या मुलाचा वर्ग तळमजल्यावर घ्यावा, हीसुद्धा अशीच मागणी.

ब्रेल किंवा मोठ्या अक्षरांतली पुस्तकं, श्रवणयंत्र, मदतनीस भत्ता, प्रवास भत्ता, विशेष शिक्षकाचं मार्गदर्शन हे सरकारच्या समग्र शिक्षा योजनेतून येतं. त्यासाठी यू-डायसमध्ये (शाळा आणि विद्यार्थ्यांच्या माहितीची सरकारी ऑनलाइन नोंद) मुलाची नोंद ‘विशेष गरजा असलेला’ अशी झालेली असली पाहिजे. ती झाली आहे का, हे शाळेत समक्ष विचारा. खूप जास्त किंवा बहुविध दिव्यांगत्व असलेल्या मुलाला घरी राहून शिकण्याचाही पर्याय कायद्याने दिला आहे.

अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शाळेचा शिक्का घ्यायला विसरू नका.

बोर्डाच्या परीक्षेतील सवलती

वाढीव वेळ, लेखनिक, गणिताला कॅल्क्युलेटर, आकृत्यांतून सूट अशा सवलती आहेत. कोणती कुणाला, हे दिव्यांगत्वाच्या प्रकारावर ठरतं. वाढीव वेळेचा हिशोब तासाला २० मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास.

प्रस्ताव पालकांनी परस्पर पाठवायचा नसतो. तो शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातो. राज्यात अशी नऊ मंडळं आहेत. प्रस्तावासोबत प्रमाणपत्र, पालकांचा अर्ज आणि मुख्याध्यापकांचं शिफारसपत्र द्यावं लागतं. लेखनिक हवा असेल तर त्याचं बोनाफाईड आणि फोटोही लागतो. लेखनिक परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेतला हवा. तो लवकर ठरवा आणि सहामाहीला त्याच्यासोबतच पेपर लिहून घ्या. सांगणाऱ्याचा वेग आणि लिहिणाऱ्याचा वेग जुळायला सराव लागतो. ऐनवेळी आणलेल्या लेखनिकाला ‘कंस सुरू’ म्हटल्यावर गोल कंस की चौकटी, हेही कळत नाही.

अर्ज अडला तर

आधी गटशिक्षणाधिकारी, मग जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी. मुंबईत शिक्षण निरीक्षक किंवा महापालिकेचा शिक्षण विभाग. तिथेही दाद लागली नाही तर पुण्यातील दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे लेखी तक्रार करता येते. तक्रारीला शाळेच्या शिक्क्याची ती दुसरी प्रत जोडायची. ती नसेल तर ‘आमच्याकडे अर्जच आला नाही’ हे उत्तर ठरलेलं.